खांदेवाले डॉक्टर

चौदा नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी मी दवाखान्याच्या मागच्या खोलीत मांजरपाट कापत बसले होते. हात मोडलेल्या माणसाच्या गळ्यात अडकवायची त्रिकोणी झोळी विकत मिळते, पण आमचे डॉक्टर ती घेऊ देत नाहीत. विकतची झोळी मानेला काचते, आणि आमच्या नेर गावच्या उन्हात माणूस ती दुसऱ्या दिवशी काढून खुंटीला टांगतो. म्हणून आम्ही ताग्यातून कापड फाडतो, तिरपं कापतो आणि कडा दुमडून शिवतो. हे काम माझं.

एवढ्यात डॉक्टर आले. मागून येऊन त्यांनी माझं कोपर धरलं, हात सरळ खाली ओढला, खांद्याच्या टोकाखाली निरखून बघितलं, "कालच्यापेक्षा बरा आहे," म्हणाले आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसले. माझ्या हातात कात्री होती. त्यांना त्याचं काही नव्हतं.

हा त्यांचा नमस्कार. नवीन माणूस घाबरतो. जुना माणूस त्यांना येताना बघितलं की हातातली पिशवी आपोआप दुसऱ्या हातात घेतो.

डॉक्टर अविनाश मुळावकर हे हाडांचे डॉक्टर. शिक्षण सगळ्या सांगाड्याचं झालेलं, पण जीव एकाच सांध्यावर. मोडलेला पाय, सरकलेला मणका, मुरगळलेला घोटा हे सगळं ते व्यवस्थित करतात, पण तोंडावर असा भाव असतो की जणू पोस्टमनला दुसऱ्या गल्लीचं टपाल वाटायला लावलं आहे. खांद्याचा पेशंट आला की मात्र खुर्ची मागे सरते, चष्मा पुसला जातो, आणि मला बाहेरच्यांना सांगावं लागतं की आता अर्धा तास तरी कोणी आत येऊ नका. बसस्टँडवर उतरून मुळावकरांचा दवाखाना विचारला तर लोक एकमेकांकडे बघतात. खांदेवाले डॉक्टर म्हटलं की पानठेलेवाला उठून रस्त्यापर्यंत येऊन दाखवतो.

त्यांच्या टेबलावर एक बशी आणि एक लिंबू कायम असतं. मांडीचं हाड खोल वाटीत बसतं, म्हणून ते सहसा निसटत नाही. खांद्याचं हाड म्हणजे बशीवर ठेवलेलं लिंबू. त्याला धरून ठेवतात ते भोवतालचे स्नायू आणि पडदे. हे ते प्रत्येकाला लिंबू बशीत फिरवून दाखवतात. लिंबू वाळलं की मी बदलते. एकदा एका म्हाताऱ्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना लिंबू उचलून खिशात घातलं. त्याला वाटलं, हे घरी नेऊन अंगावरून उतरवून टाकायचं आहे. दोन आठवड्यांनी येऊन त्यानं चांगला गुण आल्याचं सांगितलं. डॉक्टर दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

लिंबू बशीत सैल बसलं म्हणजे आजार, असं सगळ्यांना वाटतं. डॉक्टरांना या समजुतीचा मनापासून राग आहे. "सैल म्हणजे बिघडलेला नव्हे," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की घरी पोळ्या लाटतानाही ते माझ्या डोक्यात असतं. त्यांचं म्हणणं असं, की काही माणसं जन्मालाच सैल येतात. त्यांचा अंगठा मागे वळून मनगटाला टेकतो, करंगळी उलटी उभी राहते, कोपर सरळच्या पुढे जातं, गुडघे न वाकवता तळहात जमिनीला लागतात. हात खाली ओढला की खांद्याच्या टोकाखाली खळगा पडतो. त्यांचं आयुष्य सुखात जातं. आजार सुरू होतो तो त्या माणसाचा आपल्या खांद्यावरचा भरवसा उडतो तेव्हा. सैलपणा डॉक्टरच्या हाताला लागतो, पण भरवसा उडालेला हाताला लागत नाही. तो पेशंटच्या तोंडावर दिसतो. म्हणून खांदा हातात धरायचा आणि नजर तोंडावर ठेवायची. "तोंड बघा, तोंड," असं ते मला सांगत असतात. हात अमुक जागी नेला की पेशंटच्या भुवया हलतात, ओठ आवळतात, तो तोंडानं काही नाही म्हणत असला तरी. तिथे थांबायचं. त्यापुढे एक बोटही न्यायचं नाही. पुढे नेला तर खांदा निखळेल आणि माणूस पुन्हा आपल्याकडे येणार नाही.

हे सगळं दवाखान्यात ठीक आहे. डॉक्टर ते बाहेरही नेतात. एका लग्नाच्या स्वागत समारंभात त्यांनी नवरदेवाचा हात हातात घेतला आणि सवयीनं खाली ओढला. शेरवानीची काखेतली शिवण उसवली. डॉक्टरांनी दुसराही हात ओढून बघितला आणि मुलीच्या वडिलांना मोठ्यानं सांगितलं की दोन्हीकडे सारखा आहे, काळजी नको. पुढे बरेच दिवस ते वडील गावभर सांगत होते की आमचा जावई डॉक्टरांनी पास केलेला आहे. एकदा एका अंत्ययात्रेत त्यांनी तिरडी भर रस्त्यात थांबवली. डावीकडून खांदा देणाऱ्याचा उजवा खांदा दोनदा निखळलेला होता, तो डॉक्टरांनीच बसवला होता. त्याला उजवीकडे घेतलं, उजवीकडच्याला डावीकडे आणलं, मग लोक पुढे निघाले. कोणी वाद घातला नाही. रडणारी माणसंही थांबून बघत होती.

त्यांचं लग्न झालं नाही. कारण ते स्वतःच सांगतात. यवतमाळच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या माणसाची मुलगी बघायला गेले होते. तिनं पोह्यांची बशी पुढे केली तेव्हा तिचं कोपर सरळच्या पुढे वळलेलं त्यांना दिसलं. त्यांनी तिच्या काकांना विचारलं, हिचे तळहात गुडघे न वाकवता जमिनीला टेकतात का. काकांनी चहा येऊ दिला नाही. ही गोष्ट सांगून झाली की डॉक्टर म्हणतात, टेकत असणार. एवढीच त्यांना रुखरुख आहे.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज वर्तमानपत्रात यायचं, आणि ज्या कारणानं यायचं ते इथे लिहायची गरज नाही. दवाखान्यात माणसं कमी यायची आणि उशिरा यायची. आली की त्यांना इंजेक्शन हवं असायचं, म्हणजे उद्या कामाला जाता येईल. डॉक्टर इंजेक्शन द्यायचे नाहीत. ते सायकलची जुनी ट्यूब द्यायचे. ती खिडकीच्या गजाला बांधायची आणि कोपर अंगाशी ठेवून सकाळ-संध्याकाळ ओढायची, म्हणजे लिंबाला धरून ठेवणारे स्नायू तयार होतात. पुढच्या चौकातला सायकलवाला फाटक्या ट्यूबा आमच्यासाठी वेगळ्या ठेवतो. लोक ट्यूब घेऊन बाहेर पडायचे तेव्हा त्यांचा चेहरा फसवल्या गेलेल्या माणसासारखा असायचा. तरी बऱ्याच जणांचे खांदे सुधारले, हे मी बघितलं आहे म्हणून सांगते.

तर त्या मंगळवारी दहाच्या सुमारास मांगीबाई आली. तांड्यावरची बंजारा बाई, माझ्याच वयाची. अंगात आरशांची कांचळी, घुंगट हनुवटीपर्यंत ओढलेला, आणि दोन्ही दंडांत कोपरापासून काखेकडे मोठ्या होत गेलेल्या पांढऱ्या रुंद बांगड्या. त्या बांगड्यांना तांड्यात चुडो म्हणतात. हल्ली तरुण मुली तो घालत नाहीत, मांगीबाईच्या वयाच्या काही जणी अजून घालतात. तिच्यामागे तिचा नवरा फुलसिंग होता. बोलायचं काम त्याचंच होतं.

त्यानं सांगितलं ते असं. हिचा उजवा खांदा काम करता करता सुटतो आणि आपला आपण बसतो. पडली नाही, मार लागला नाही. मोठ्या शहरात दाखवलं, तिथे ऑपरेशन सांगितलं, त्यानंतर कितीतरी महिने हात गळ्यात. इकडे बोंडं फुटून उभी. मजूर लावून वेचणी परवडत नाही, वेचणारी दोघंच. ऑपरेशन केलं तर कापूस शेतातच पिवळा पडणार आणि नाही केलं तर खांदा जाणार. "आता तुमी सांगा," म्हणून तो थांबला. मांगीबाईचा घुंगट डॉक्टरांकडे वळला. ती कशासाठी आली होती ते मला कळलं. तिला डॉक्टरांच्या तोंडून एवढंच ऐकायचं होतं, की ऑपरेशन नको.

डॉक्टरांची खुर्ची मागे सरली होती. चष्माही पुसून झाला होता. त्यांनी केसपेपरवरून मान वर न करता सांगितलं, "त्या दंडातल्या बांगड्या काढून घ्या."

मी डोळ्यांनी खुणावलं. ज्या माणसाला सगळ्यांची तोंडं बघायची सवय, त्यानं नेमकं माझं बघितलं नाही.

फुलसिंग म्हणाला, "काहून काढाच्या?"

"मला दंड वरून धरायचा आहे. हाडाचं डोकं पुढे-मागे किती सरकतं ते बघायचं आहे."

"ह्या मी मेल्यावर निघतेत, डॉक्टरसायेब. मी तं तुमच्या समोर उभा हाओ."

आता कोणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. डॉक्टरांचं लक्ष खांद्यात होतं. ते म्हणाले, "पाचच मिनिटांसाठी."

"पाच मिन्टं मरू काय मी?" असं म्हणून फुलसिंगनं थैली उचलली. मांगीबाई त्याच्यामागे गेली. बाहेर बाकावर बसलेले सगळे ऐकत होते.

मी डॉक्टरांना सांगितलं की चुडो नवरा गेल्यावरच उतरवतात, आणि जन्म या जिल्ह्यात काढून तुम्हाला हे माहीत नसेल तर कठीण आहे. त्यांनी बशीतलं लिंबू फिरवलं. मग म्हणाले, "मंदाबाई, मला दंडातलं दिसतच नाही. मला आतलं हाड दिसतं." आणि उठून बाहेर निघून गेले. मला वाटलं माफी मागायला गेले असतील. मी पुन्हा मांजरपाट घेऊन बसले.

ते कुठे गेले होते ते मला नंतर कासारानं सांगितलं. डॉक्टर बाजारओळीतल्या त्याच्या दुकानात शिरले आणि दंडातल्या पांढऱ्या बांगड्या मागितल्या. कासाराला नवल वाटलं नाही. त्या दिवसांत कापसाच्या भावासाठी मोर्चे निघायचे आणि बाया अधिकाऱ्यांच्या टेबलावर बांगड्या नेऊन ठेवायच्या, त्यामुळे पुरुषांनी बांगड्या विकत घेणं ही रोजची गोष्ट होती. त्यानं विचारलं, "कोन्त्या सायबाले नेऊन देता?" डॉक्टर गादीवर बसले, बाही खांद्यापर्यंत वर केली, डावा हात पुढे केला आणि म्हणाले, मलाच भरा. दुकानात दोन बायका होत्या, त्या पुन्हा येतो सांगून बाहेर पडल्या. कासारानं मान खाली घालून, साबण लावून, एकेक बांगडी कोपरावरून चढवली. इतका जाड दंड त्यानं कधी भरला नव्हता, असं तो म्हणतो.

डॉक्टर परत आले ते डावा हात अंगापासून दूर धरून. "बघा," ते मला म्हणाले, "शेवटच्या बांगडीच्या वर जागा राहते. इथे अंगठा बसतो, मागून बोटं बसतात. डोकं धरता येतं. काढायची गरजच नव्हती." मग त्यांनी त्या उतरवायला घेतल्या. पहिलीच कोपराशी अडली. मी साबण आणायला वळले तर ते म्हणाले, राहू द्या, त्यांची बस निघून जाईल.

असे आम्ही दोघं बसस्टँडवर गेलो. बांगड्यांमुळे बाही खाली येत नव्हती. पानठेल्यावरची गर्दी बोलायची थांबली. एका काळीपिवळी जीपवाल्यानं आदरानं विचारलं, "डॉक्टरसायेब, कोन्ता मोर्चा हाय आज?" डॉक्टरांनी उभं राहून उत्तर दिलं की मोर्चा नाही, पेशंट परत न्यायचा आहे. ते कोणाचंही बोलणं थट्टेवारी नेत नाहीत, ही त्यांची एक अडचण आहे.

फुलसिंग आणि मांगीबाई सिमेंटच्या बाकावर बसले होते. फुलसिंगनं आधी बांगड्या बघितल्या, मग डॉक्टरांकडे बघितलं, मग पुन्हा बांगड्या. डॉक्टर म्हणाले, "चुकलं माझं. तशाच राहू द्या. मी घालून बघितल्या, तपासता येतं."

घुंगटाआड मांगीबाई हसायला लागली. आवाज आला नाही, नुसते खांदे हलत होते. डॉक्टरांनी तेही वाकून बघितलं. दोन्ही सारखेच हलत असावेत, कारण ते काही बोलले नाहीत. मग तिनं त्या दिवसातलं पहिलं वाक्य उच्चारलं. "आता उतरवू नोका, सायेब. घरचं मानूस हाय तोवर ठेवाच लागते."

बाकावरचे सगळे हसले. फुलसिंगही हसला. डॉक्टर नुसतं "बरं," म्हणाले.

दवाखान्यात आल्यावर तिला स्टुलावर बसवलं. डॉक्टर तिच्या मागे उभे राहिले. आधी डावा हात खाली ओढला, मग उजवा. दोन्हीकडे खळगा पडला, सारखाच. अंगठा मनगटाला टेकला. करंगळी उभी राहिली. कोपर पुढे वळलं. डॉक्टरांनी बांगड्यांच्या वर अंगठा बसवून हाडाचं डोकं पुढे-मागे सरकवून बघितलं, तेही दोन्हीकडे सारखंच सरकलं. तुझ्या आईचं असं होतं का, विचारलं. आईचं होतं, बहिणीचंही आहे, असं ती म्हणाली. डॉक्टरांना इतका आनंद झाला की फुलसिंगनं दारातून विचारलं, हे चांगलं का वाईट. अजून काहीच नाही, असं डॉक्टर म्हणाले. आता भीती कुठे आहे ते बघायचं.

आणि इथे सगळं अडलं. घुंगट खाली होता, तोंड दिसत नव्हतं. घुंगट वर कर म्हणायची डॉक्टरांची आता हिंमत नव्हती. मग मी समोर दुसऱ्या स्टुलावर बसले आणि खालून वाकून बघू लागले. डॉक्टरांनी तिचा उजवा हात बाजूला घेतला, कोपरात वाकवला आणि पंजा हळूहळू मागे नेऊ लागले. गोफण फिरवताना हात जातो तसा. मांगीबाई माझ्या डोळ्यांत बघत होती. चेहऱ्यावर काही नव्हतं. भुवई हलली नाही, पापणी लवली नाही. डॉक्टरांनी विचारलं, मंदाबाई, काय दिसतं? मी म्हटलं, काही नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "भेव नाई लागत." तिला बरोबर कळलं होतं की आपली कसली परीक्षा चालली आहे. तिला पास व्हायचं होतं.

मी डॉक्टरांकडे बघितलं तर त्यांची नजर आमच्या दोघींवर नव्हती. ती दारात उभ्या असलेल्या फुलसिंगकडे होती. त्यांनी हात खाली आणला. "मंदाबाई, उठा. यांना बसवा तिथे."

फुलसिंग माझ्या जागी बसला. दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले आणि वाकून घुंगटाखाली बघितलं. डॉक्टरांनी पुन्हा हात उचलला. या वेळी ते फक्त फुलसिंगकडे बघत होते. हात बाजूला आला. कोपर वाकलं. पंजा मागे जाऊ लागला. मांगीबाई तशीच ताठ बसली होती. आणि एका जागी फुलसिंगचे डोळे बारीक झाले, आणि त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवरून उचलले गेले, काही पडताना झेलायला उचलावेत तसे. त्याला स्वतःला ते कळलं नसावं.

डॉक्टर तिथेच थांबले. त्यांनी हात हलवला नाही. विचारलं, "इथपर्यंत हात कोणत्या कामात जातो?"

"गाठोडं डोक्शावर धरते तवा," फुलसिंग म्हणाला.

मांगीबाई चिडली. "तुमी कायले सांगून राह्यले?"

"मी कुठी काय बोललो?" फुलसिंग म्हणाला, आणि ते खरं होतं.

मग डॉक्टरांनी दुसऱ्या हाताचा तळवा तिच्या खांद्यावर पुढून दाबून धरला आणि तो हात पुन्हा त्याच जागी नेला, त्याहून थोडा पुढेही नेला. फुलसिंगचे हात गुडघ्यांवर परत आले. त्यानं श्वास सोडला. डॉक्टर म्हणाले, "झालं." पुढून आधार दिला की भीती जाते, म्हणजे आजार कुठे आहे ते पक्कं झालं.

त्यांनी सांगितलं ते मी मांगीबाईला पुन्हा सोप्या शब्दांत सांगितलं, कारण ते सांगताना लिंबाकडे वळले होते. सैलपणा जन्माचा आहे, त्याला काही करायचं नाही. भीती एकाच जागी आहे. वेचणीत हात खाली आणि पुढे असतो, तिथे काही होत नाही. तेव्हा कापूस खुशाल वेच. पण भरलेलं गाठोडं डोक्यावर घ्यायचं नाही, एकही नाही. ट्यूब रोज ओढायची. हंगाम संपला की दोघांनी येऊन दाखवायचं. ऑपरेशनचा विचार आत्ता नाही. वेचतानाही खांदा सुटायला लागला तर लगेच यायचं, मग बघू. ऑपरेशन नाही ना, असं तिनं मला विचारलं. मी म्हटलं, आत्ता नाही. थोड्या वेळानं तिनं तेच पुन्हा विचारलं, मी तेच पुन्हा सांगितलं.

गाठोडं कोण नेणार, हा प्रश्न राहिला. तांड्यावर पुरुष डोक्यावर गाठोडं घेऊन निघाला तर लोक काय म्हणतील ते फुलसिंगच्या तोंडावर दिसत होतं. मग त्यानं डॉक्टरांच्या दंडातल्या बांगड्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "मी नेतो." डॉक्टरांनी लगेच त्याचं कोपर धरून हात खाली ओढला. "घट्ट आहे," म्हणाले. "चालेल."

ते गेले. दुपारचे पेशंट झाले. सगळ्यांनी बांगड्या बघितल्या, कोणी विचारलं नाही. संध्याकाळी मी घमेल्यात साबणाचं पाणी केलं आणि डॉक्टरांना स्टुलावर बसवलं. कोपराशी अडत होत्या म्हणून मी त्यांचं मनगट धरलं, हात बाजूला घेतला आणि साबण वरून ओघळावा म्हणून कोपर वाकवून वर-मागे नेला. त्यांनीच मला शिकवलेलं, हातात हात असला की तोंडाकडे बघायचं. मी बघत होते. एका जागी त्यांचे ओठ आवळले आणि चेहऱ्याचा रंग उतरला.

मी हात तिथेच थांबवला. म्हटलं, "केव्हापासून?"

"कॉलेजपासून. व्हॉलीबॉल खेळायचो."

"कोणाला दाखवलं?"

"स्वतःच चाचपून बघितलं. आरसा लावूनही बघितलं." ते साबणाच्या पाण्याकडे बघत बोलत होते. "आरशात काही कळत नाही. आपण आपल्याला दिसलो की तोंड सावरून घेतो. ही तपासणी एकट्या माणसाला करता येत नाही, मंदाबाई. समोर कोणीतरी लागतं."

आपल्याकडे एक्स-रेचं मशीन नाही, हे पेशंटला सांगतात तशाच आवाजात त्यांनी हे सांगितलं. मी त्यांचा हात खाली आणला आणि बाकीच्या बांगड्या हात खालीच ठेवून, थोडा जास्त साबण लावून काढल्या. वेळ लागला. निघताना त्यांनी त्या धुऊन, पुसून, कोरड्या करून कपाटात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर गेले. डॉक्टर आले, माझ्या कोपराकडे हात नेऊ लागले, तेव्हा मी स्टूल पुढे ढकललं आणि शर्ट काढून बसायला सांगितलं. आधी त्यांना कळलं नाही. मग कळलं, आणि ते बसले. मी दुसरं स्टूल ओढून समोर बसले, त्यांचा डावा हात उचलला, बाजूला घेतला, कोपर वाकवलं. ते सवयीनं मान वळवून खांद्याकडे बघू लागले. मी म्हटलं, तिकडे नका बघू, माझ्याकडे बघा. हात मागे नेत गेले. काल जिथे ओठ आवळले होते तिथेच आवळले. मी थांबले. दुसरा तळवा खांद्यावर पुढून दाबून धरला आणि हात आणखी थोडा मागे नेला. तोंड निवळलं. बाहेर कोणीतरी शटर वाजवत होतं. मी आतूनच सांगितलं, थांबा, एक पेशंट आहे.